मिठागराची नभोवाणी

माझ्या सासऱ्यांना मिठागरावर सगळे नभोवाणी म्हणायचे. तोंडावर काका, आणि पाठ वळली की नभोवाणी. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण आवडतं म्हणून कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा कुणीतरी मला विचारलं, "तू नभोवाणीची सून ना?" मला वाटलं, सासरे रेडिओवर बातम्या देतात की काय! घरी येऊन बघते तर घरातला रेडिओसुद्धा बंद पडलेला.

मिठागराचं काम बाहेरून बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. समुद्राचं पाणी बांध घातलेल्या वाफ्यांत घ्यायचं, ऊन त्याला आटवतं, मग ते पुढच्या वाफ्यात सोडायचं, तिथून त्याच्या पुढच्या. शेवटच्या वाफ्यात तळाशी मीठ धरतं. खरी डोकेदुखी इथून सुरू होते. मीठ आज ओढलं तर दाणा बारीक. आणखी राहू दिलं तर दाणा टपोरा होतो, लखलखीत होतो, त्याला मान मिळतो. पण राहू दिलं आणि वरून पाऊस आला, तर सगळी मेहनत पाण्यात गेली. बाकीच्या धंद्यांत हे नुसतं बोलायला असतं, आमच्याकडे ती अक्षरशः पाण्यात जाते. तेव्हा ओढायचं की राहू द्यायचं, हे रोज संध्याकाळी कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या मिठागरावर ते माझे सासरे सांगायचे, तारे बघून.

त्यांची पद्धत अशी. अंधार पडला की दक्षिणेकडच्या मोठ्या बांधावर जायचं. वर डोक्यावरचे तारे बघायचे नाहीत, ते सहसा शांतच असतात. बांधाला लागून अगदी खाली जो ठळक तारा असेल तो धरायचा. ऋतू बदलला की तारा बदलायचा, पण नाव तेच, 'बांधावरचा'. तो स्थिर असला तर म्हणायचं, "निजलाय." म्हणजे मीठ राहू द्या. तो लुकलुकत असला, कधी लाल कधी निळा होत तडफडत असला, तर म्हणायचं, "जागा आहे." म्हणजे दंताळी घ्या आणि मीठ ओढा. बस. यापलीकडे एक शब्द नाही. मुकादमानं "नक्की ना, काका?" असं विचारलं की ते त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे की मुकादम बिचारा स्वतःच्याच चपलांकडे बघायला लागायचा.

ही विद्या त्यांना एका म्हाताऱ्या रखवालदारानं शिकवली होती. तो रखवालदार मूळचा खलाशी. जहाज सुटलं तरी सवय सुटली नाही, म्हणून फाटकावर बसून आभाळ बघायचा. तो सांगायचा की ताऱ्यांवरून वाट शोधतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ताऱ्यांचा नूर बघून वारा ओळखतात हे दर्यावर गेलेल्यालाच कळतं. मला हे सगळं अकलेचे तारे तोडणं वाटायचं. एकदा माझी नणंद घरी आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. मी तिला म्हटलं, "ताई, तुमच्या वडिलांना काहीतरी सांगा हो."

ताई हसल्या. म्हणाल्या, "अगं, अगदीच खोटं नाहीये ते. तारा इतका लांब असतो की त्याचा उजेड आपल्यापर्यंत नुसता दोऱ्यासारखा येतो. वाटेत गरम हवेचे, गार हवेचे थर एकमेकांना ढकलत असतात. त्यांत तो दोरा हलतो, म्हणून लुकलुक. खाली असलेल्या ताऱ्याला जास्त हवा ओलांडावी लागते, म्हणून तो जास्त लुकलुकतो. दूरदूरच्या बेटांवर अशी माणसं आहेत, जी पिढ्यानपिढ्या हीच लुकलुक बघून वारा आणि ओल ओळखत आलीत."

"म्हणजे बाबांचं खरं?"

"अर्धं खरं. वर हवा खळबळलीय एवढंच तारा सांगतो. पुढे पाऊस येईल, नुसता वारा येईल, की काहीच येणार नाही, ते ताऱ्यालाही ठाऊक नसतं."

पलीकडे बसलेले सासरे हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "उरलेलं अर्धं कोण सांगणार मग? तुझी शाळा?" आणि उठून गेले. असा माणूस. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे बांधाशी कुस्ती खेळणं.

मी स्वतः मिठागराच्याच गोदामात कामाला आहे. पोती भरून आली की मशीनवर त्यांची तोंडं शिवते. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्यामुळे घरात मी, सासूबाई आणि सासरे. संध्याकाळी मी चुलीपाशी असायची, सासरे बांधावर. ते काय बघतात हे मी कधी जाऊन बघितलं नव्हतं. बघायची गरजच वाटली नव्हती.

या हंगामात मात्र काहीतरी बिनसलं. सासरे रोज येऊन सांगायचे, "निजलाय." रोज निजलेला! सुरुवातीला सगळे खूश. दाणा मोठा होत होता, मुकादमाची छाती फुगत होती. मग एका पहाटे पाऊस कोसळला. मी उठून दारात आले तेव्हा माणसं ताडपत्र्या घेऊन धावत होती. पण झाकायचं काय? मीठ तर वाफ्यांत पसरलेलं होतं. उजाडलं तेव्हा वाफ्यांत मचूळ पाण्याशिवाय काही उरलं नव्हतं. माणसं बांधावर हात कमरेवर ठेवून उभी होती.

सासऱ्यांनी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं की चुकलं माझं. माणसांनी थोडी कुरकुर केली असती आणि कामाला लागली असती. पण हे म्हणाले, "मी चुकलो नाही. आभाळ बदललंय." हे ऐकून एक जण मोठ्यानं हसला. त्या हसण्यानं घात केला. मालकांनी मुकादमाला बोलावून सांगितलं की आता पुन्हा असं झालं तर मोबाइलवर हवामान बघून ठरवायचं आणि काकांना फाटकावर बसवायचं, आल्यागेल्याची नोंद करायला. मुकादमानं ते कुणाला सांगितलं नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं.

मला त्यांचा राग आला होता, खोटं का बोलू? पण त्याहून जास्त वाईट वाटलं. फाटकावर बसणं काही कमीपणाचं नाही. पण या माणसाला कुणी काही विचारणारच नाही, ही कल्पना मला सहन होईना. दिवसभर न बोलणारा हा माणूस संध्याकाळच्या त्या एका शब्दावर जगत होता.

हंगामाचं शेवटचं मीठ वाफ्यांत धरलं, तेव्हाची गोष्ट. सगळे वाफे भरलेले. अजून थोडं राहिलं असतं तर दाणा बघण्यासारखा झाला असता. मोबाइल म्हणत होता, "तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता." आता आमचं ठिकाण तुरळक की काय, हे मोबाइलला कोण विचारणार? मुकादम तणतणत बांधाखाली उभा होता. माणसं दंताळी टेकवून जमली होती. सासरे स्वेटर न घालताच गेले होते, म्हणून सासूबाईंनी मला तो घेऊन पाठवलं. मी बांधावर चढले आणि सहज समोर पाहिलं.

बांधाच्या वर, जरा उजव्या अंगाला, एक तारा नुसता थयथयाट करत होता. लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, विझल्यासारखा व्हायचा, पुन्हा भडकायचा. मी हसून म्हटलं, "बाबा, आज काय जागा आहे हो तुमचा बांधावरचा! अंगात आल्यासारखं करतोय."

सासरे समोर बघत होते. म्हणाले, "कुठं? चांगला निजलाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेष्टा हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ते बघत होते त्याच रेषेत बघितलं. आणि मला दिवसाढवळ्या तारे दिसतात म्हणतात तसं झालं. ते बघत होते तो तारा नव्हताच. पलीकडच्या वस्तीत या हंगामाच्या सुरुवातीला पाण्याची नवी टाकी बांधली होती, आणि तिच्यावर एक दिवा बसवला होता. पांढरा, ठळक, नेमका बांधाला लागून. वाऱ्यापावसाला दाद न देणारा दिवा. तो कशाला लुकलुकेल? हंगामभर माझे सासरे त्या दिव्याला विचारून मिठागर चालवत होते!

मला हसू फुटलं, आणि लगेच विरलं. कारण हा माणूस दिवा आणि तारा यांत फसेल, हे शक्यच नव्हतं. ज्याला दुसरं काही दिसत नाही, तोच त्या दिव्याला तारा म्हणेल. मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढून जायला लागली. दार उघडताना ते आधी हात फिरवून कडी शोधायचे. संध्याकाळी घरी परतताना बांधाच्या कडेनं पाय घासत चालायचे. सासूबाई त्यांच्यापुढे पेला ठेवला की तो मुद्दाम जमिनीवर आपटायच्या, आवाज व्हावा म्हणून. मी त्याला सासूबाईंचा राग समजत होते. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वय झालंय, आणि इतकी वर्षं पांढऱ्या मिठावरची झळाळी डोळ्यांत गेलीय. अंधारातलं बारीक दिसणं आता संपलं, चष्म्यानं ते परत येणार नाही.

पण ते पुढे. त्या क्षणी बांधाखाली मुकादम ओरडत होता, "काका, काय ते सांगा! माणसं थांबलीत."

मी सासऱ्यांच्या जवळ गेले आणि अगदी हळू म्हटलं, "बाबा, तो तारा नाहीये. टाकीवरचा दिवा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तुला तारे कळायला लागले कधीपासून? पोती शिवायची सोडून?"

एरवी मी खालच्या आवाजात पण चांगलं उत्तर दिलं असतं. तेव्हा मला नुसतं रडू येत होतं. मी म्हटलं, "मला तारे नाही कळत. पण दिवा कळतो. आणि खरा तारा त्याच्या उजवीकडे आहे. तो जागा आहे, बाबा."

ते बराच वेळ त्या उजव्या बाजूला बघत राहिले. मान पुढे काढली, डोळे बारीक केले, हाताची बोटं कपाळावर धरली. मला वाटत होतं की मी बोलले नसते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "टाकी कधी झाली?"

"हंगामाच्या सुरुवातीला."

"हं," एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर स्वेटर टाकला, तो त्यांनी तसाच राहू दिला. मग बांधाच्या कडेला येऊन, खालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "मला तारा दिसत नाही. माझ्या सुनेला दिसतो. ती म्हणते जागा आहे. मीठ ओढा."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दंताळं उचललं. मग सगळेच वाफ्यांत उतरले. मीही उतरले. कंदील, बॅटऱ्या, ट्रॅक्टरचे दिवे, जे मिळेल ते लावून मीठ ओढलं, राशी केल्या, ताडपत्र्या बांधल्या; शेवटचे दोन वाफे तेवढे राहून गेले. हात सोलवटले, वर मिठाचं पाणी, म्हणजे काय होत असेल ते सांगायला नको. सासरे प्रत्येक ताडपत्रीची गाठ हातानं चाचपून बघत फिरत होते. गाठी बघायला त्यांना डोळे लागत नव्हते.

आणि पाऊस आला नाही.

वारा आला, चिक्कार आला, ताडपत्र्या फडफडल्या. पण थेंब नाही. सकाळी लख्ख ऊन पडलं. गोदामात मीठ आलं ते बारीक, मळकट, अर्धवट वाढलेलं. माझ्या मशीनसमोरून पोती जात होती आणि वाहून आणणारा प्रत्येक जण काहीतरी टाकून जात होता. एक म्हणाला, "वहिनी, आजचं बुलेटिन काय?" दुसरा म्हणाला, "अरे, एका घरात दोन-दोन स्टेशनं लागलीत, खरखर होणारच." मी मान खाली घालून शिवत होते. डोळ्यांत पाणी आलं आणि मशीनची सुई दिसेनाशी झाली. माझ्या एका वाक्यानं सगळ्यांच्या कष्टाचं मातेरं झालं होतं. वर ज्या माणसाला वाचवायला गेले, त्याला मीच सगळ्यांसमोर आंधळा ठरवून बसले होते.

घरी जाऊन सासूबाईंपुढे मन मोकळं केलं असतं, पण त्यांच्याशी पहाटेच बोलणं झालं होतं. मी म्हटलं होतं, "आई, तुम्हाला माहीत होतं ना?" त्या म्हणाल्या, "वर्ष झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? संध्याकाळ झाली की कपडे झटकून, केस विंचरून निघायचे ते. मी बोलले असते तर कुठं गेले असते?" एवढं बोलून त्या चहाचं भांडं घासायला बसल्या. भांडं आधीच स्वच्छ होतं.

दुपारी मुकादम गोदामात आला आणि नेमके त्याच वेळी सासरेही आले, भिंतीला हात लावत लावत. पोतीवाले थबकले. सगळ्यांना तमाशा बघायचा होता. मुकादम मला काही बोलणार तोच सासरे म्हणाले, "तिला बोलायचं नाही. तिनं दिसलं ते सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. तारा जागा होता. मीठ ओढा म्हणून मी सांगितलं. चुकलो ते मी."

सासरे पुढे म्हणाले, "मागचं मीठ वाहून गेलं, तेही मीच चुकलो होतो. आभाळाला काही झालं नव्हतं. शिव्या द्यायच्या असतील तर इथं द्या. आणि फाटकावर कधीपासून बसायचं ते सांगा."

मुकादम पोत्यावर बसला. डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, "फाटकावर मोबाइलला बसवतो, काका. काल तुरळक म्हणाला, आज अंशतः म्हणतोय. उद्या मीठ वाहून गेलं तर मी त्याच्यापुढे उभा राहून काय करू? तो काही 'चुकलो' म्हणणार नाही. मालकांचं मी बघतो. उरलेल्या दोन वाफ्यांचं काय करायचं ते संध्याकाळी सांगा."

हे एवढं बोलून तो गेला. पोतीवालेही कामाला लागले. त्यातल्या एकानं जाता जाता माझ्या मशीनपाशी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सासरे तिथेच उभे होते. मला म्हणाले, "संध्याकाळी लवकर आटप. बांधावर यायचंय."

मी म्हटलं, "मी नाही येणार. मला भीती वाटते. पुन्हा चुकलं तर?"

"तू कशी चुकशील? तू बघायचं. चुकायचं काम माझं."

संध्याकाळी गेले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. वजन टाकत नव्हते, पण काढतही नव्हते. बांधावर पोचलो तर खाली मुकादम आणि दोघं-चौघं उभेच. सासऱ्यांनी विचारलं, "टाकीचा दिवा सोड. त्याच्या उजवीकडचा सांग."

मी बघितलं. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण तो ना धड जागा होता ना धड निजलेला. मध्येच एकदा थरथरायचा, मग बराच वेळ शांत. त्यांना आवडेल असं एखादं उत्तर द्यावं, असं क्षणभर मनात आलं. मग जसं होतं तसंच सांगितलं. "झोपेत कूस बदलावी तसं करतोय, बाबा. मला नाही सांगता येत."

"रंग?"

"पांढरा. लाल-निळा होत नाहीये."

"वरचे?"

"शांत."

त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं, नाकानं हवा ओढली, पायाखालची माती चिमटीत घेऊन चोळली. हे ते नेहमीच करत असणार. मी फक्त ताऱ्यांचंच ऐकलं होतं. मग खाली बघून म्हणाले, "राहू द्या मीठ."

"नक्की ना, काका?" मुकादमानं विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नसतं," सासरे म्हणाले. "राहू द्या. मी सांगतोय."

माणसं पांगली. जेवायला, पाठ टेकायला, आपापल्या घरी. मुकादम जाताना शीळ घालत होता. मघाशी ओझं उचलून उभा होता, आता ते कुणाच्या तरी अंगावर टाकून मोकळा झाला होता. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं हा माणूस या सगळ्यांना नेमकं काय देत होता. पाऊस येणार की नाही, हे त्यांनाही इतरांइतकंच कळत होतं. पण एकदा त्यांनी सांगितलं की बाकीच्यांची काळजी संपायची, आणि ती सगळी त्यांच्याकडे यायची.

घरी आलो. जेवणं झाली, सासूबाई आडव्या झाल्या. सासऱ्यांनी खुर्ची उचलून दारात ठेवली आणि बाहेर तोंड करून बसले. मी म्हटलं, "बाबा, आता काय बघताय? तुम्हाला तर..." आणि जीभ चावली.

"बघत नाही. ऐकतो," ते म्हणाले. "पहिला थेंब पत्र्यावर वाजतो. मीठ ठेवलं त्या रात्री मी कधी झोपलो नाही. तू झोप. तुझं काम झालं."

खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आहेत असं लोक म्हणतात, तेव्हा म्हणायची एक रीत म्हणून म्हणतात. मी दिवा बारीक केला, त्यांच्या पायांवर चादर टाकली आणि आत जाऊन आडवी झाले. डोळे मिटायच्या आधी दाराकडे पाहिलं. ते तसेच बसले होते, मान जरा तिरकी करून, पत्र्याकडे कान लावून. मला लगेच झोप लागली.